सासूची जीभ

बिश्केक, जानेवारी. लिफ्ट बंद.
चौथ्या मजल्यावर मी नेते एक पांढरी पेटी,
साबणाच्या वडीहून थोडी मोठी.
ती बुरुलकान आपांच्या खोलीत आठ दिवस ठेवायची,
कागदावर सही घ्यायची,
एवढंच माझं काम.

आपांनी पेटी उलटी करून पाहिली.
"हिला कान आहेत का?"
नाही आपा, नुसतं नाक आहे.
"मग ठेव. नाकाला मी घाबरत नाही."

खालच्या वस्तीत चुली पेटल्या होत्या.
कोळसा,
आणि जिथे कोळसा परवडत नाही तिथे
जुने बूट, टायरचे तुकडे, हाताला लागेल ते.
दक्षिणेला डोंगर आहेत.
मी इथेच वाढले म्हणून मला माहीत;
नवख्याला बोट दाखवलं तर तो बोटाकडेच बघेल.

खिडकीच्या फटीत कापूस, कापसावर कागदी पट्टी,
आणि त्यापुढे झाडं दाटीवाटीने:
मेयोनीजच्या बादलीत जिरेनियम,
रंगाच्या डब्यात रबराचं झाड,
फुटक्या किटलीत काहीतरी लोंबणारं,
आणि सगळ्यांच्या वर डोकं काढून
ताठ, टोकदार, पिवळ्या काठाची
जिला इथे सासूची जीभ म्हणतात.
"माझ्या सासूची याहून लांब होती," आपा म्हणाल्या,
"पण ही निदान हवा साफ करते."

यावर काय बोलायचं?
आम्हाला शिकवलंय की हे म्हणजे
चमच्याने तळं उपसणं.
हवा खरंच बदलायची तर खोलीत रानच आणावं लागेल,
मग आपा झोपणार कुठे?
मी बोरसोक चहात बुडवला आणि गप्प बसले.
तळणीच्या धुराने पेटी लाल झाली होती.
आपांनी तिच्यावर टॉवेल टाकला.

आठ दिवसांनी आलेखाची पट्टी उलगडली.
"झाडांनी किती काम केलं?"
फारसं नाही, आपा.

त्या रागावल्या नाहीत.
नवऱ्याचा जुना बनियन ओला करून
एक पान देठापासून टोकापर्यंत पुसलं,
शेंबड्या पोराचं नाक पुसावं तसं,
जरा जास्तच जोराने.
बनियन काळा.
"मग हे कुठून आलं?"
हवेतून.
"म्हणजे घेतलंच की काही अंगावर."

मग त्यांचं बोट रात्रीच्या रेघेवर आलं.
ही कसली, रोज चढत जाणारी?
तुमचा श्वास, आपा.
दार बंद, खिडकी बंद, तो साठत राहतो.
पहाटे बघा, नऊशे चाळीस.

"शारशेन होता तेव्हा किती असता?"

मी मनात गणित केलं.
बरीच वाईट असती हवा.
दोघांची.

"घोरायचाही."
घोरण्याने आकडा वाढत नाही, आपा.
"माझा वाढायचा."

आणि त्या हसल्या, आणि मग
कितीतरी वेळ त्या रेघेवरून बोट उचललं नाही.

कागदावर छापील सल्ला होता:
दुपारी दहा मिनिटं खिडकी उघडावी.
त्यांनी वरची छोटी झडप उघडून दाखवली.
श्वासाचा आकडा उतरला,
धुराचा चढला.
आम्ही दोघी पेटीकडे बघत राहिलो,
झडप तशीच अर्धी.

निघताना त्यांनी सुरीने एक पान कापलं,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिलं.
"पाणी कमी घाल. आणि पुसत जा."

बाहेर उणे एकोणीस.
पान गारठू नये म्हणून कोटाच्या आत धरलं,
त्याचं टोक हनुवटीला टोचत होतं.
बसमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं,
कोटात काय लपवलंय?
म्हटलं, सासूची जीभ.
पुढचे तीन थांबे
तो खिडकीबाहेर बघत होता,
जिथे काहीही दिसत नव्हतं.